डॅशबोर्डमागची काजळी

काकांच्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर रंगाऱ्याने दोन गुलाबांच्या मध्ये ‘वातानुकूलित’ असं लिहिलं होतं. गारवा टोमॅटोच्या क्रेटनाही मिळतो का, असं सायखेड्यात पुष्कळांनी विचारून घेतलं. गाडी बिनएसीची आली होती. एसी काकांनी मागाहून बसवून घेतला. गावात दुसऱ्या कुणाच्या पिकअपला एसी नव्हता, एवढं कारण त्यांना पुरे होतं.

भारनियमनाची ती वर्षं. भर दुपारी वीज गेली की काका जेवून शेडमध्ये जात आणि पिकअप चालू करून आत झोपत. शेडला तीन बाजूंनी पत्रा. इंजिनाची घरघर ऐकून काकू म्हणायची, “लागले दोघंबी घोरायला.”

त्या उन्हाळ्यात काका उठल्यावर डोकं धरून बसू लागले. कधी उलटी होई. शेडच्या कोपऱ्यात अंड्यांवर बसलेली कोंबडी एके दिवशी मान टाकून पडलेली सापडली. कोंबड्यांवर मर आली समजून काकूने बाकीच्या शेजारी पाठवल्या; तिथे त्या मजेत राहिल्या. काकांची दृष्ट काढून झाली. त्यांचं स्वतःचं निदान वेगळं होतं: एसी गार करत नाही, म्हणून काच उघडी ठेवावी लागते, म्हणून ऊन बाधतं.

मी सुट्टीवर होतो, त्यामुळे एसी दाखवायला नाशिकला जाताना काकांनी मलाही बरोबर नेलं. तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिकने पाटीवर स्वतःला ‘एसी तज्ज्ञ’ म्हटलं होतं आणि गाडीला तो ‘पेशंट’ म्हणत होता. त्याने डॅशबोर्ड उतरवून फुटपाथवर ठेवला. आत वायरींचा गुंता, पानाचा देठ, आणि कूलिंग कॉईलवर बोटभर धुळीचा थर. पाईपच्या जोडाला साबणाचा फेस लावला तर बुडबुडे आले.

“गॅस हितून जातोय,” तो म्हणाला. “पेशंट वाचला समजा.”

मी वाकून बघत होतो. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला, पाईप आत येतात तिथे, मुठीएवढं भोक होतं. रबर बसवलेलंच नव्हतं. भोकाभोवती काजळी धरली होती, चुलीच्या भिंतीला धरते तशी. बोट लावलं तर काळं झालं.

“हा धूर आत येतोय,” मी म्हणालो.

“सायलेन्सरचा पाईप कुठंतरी फुटला असंल. ते सायलेन्सरवाल्याचं काम. मी एसीचा माणूस.”

“मग निदान भोक तरी बुजवा.”

“आधी पाईप करून घ्या, मग बघू.” आणि त्याने डॅशबोर्ड जागेवर बसवला. काजळी दिसेनाशी झाली.

सायलेन्सरवाल्याकडे जाऊ म्हटलं तर काका हसले. “डिझेलची गाडी हाय, बाबा. धूर नाय देणार तर काय अत्तर देणार? पुस्तकं वाचून तुला सगळीकडं मरणच दिसतं.”

येताना काच पूर्ण बंद होती. गारवा खरोखर उत्तम होता. मी माझ्या बाजूची काच खाली केली की काका वर करायला लावत. ओढ्याच्या पुलापर्यंत माझ्या कानशिलात ठोके पडू लागले होते.

संध्याकाळी मी काकूला माझं काजळी लागलेलं बोट दाखवलं. घासूनही काळं गेलं नव्हतं. ती शेडकडे बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. काकूने हात धरला तरी काका गेलेच. “आता कुठं गार लागाया लागलंय,” म्हणाले. थोड्या वेळाने ती ताट तसंच टाकून उठली. मी मागोमाग. काचा बंद, आतून धुरकटलेल्या. काका सीटवर तोंड उघडं टाकून पडलेले.

“अहो!” तिने काच ठोकली. “अहो, उठा ना!”

दारं आतून लॉक होती. मी दगड शोधत होतो तोवर तिने फावड्याने काच फोडली. आम्ही त्यांना ओढत बाहेर शेवग्याखाली आणलं. चेहरा सुजल्यासारखा, मान सैल. काकू पदराने वारा घालत त्यांच्या गालावर चापट्या मारत होती. आधी हळू, मग जोरात. खूप वेळाने ते कण्हले, ओकले, आणि डोळे उघडून म्हणाले, “काच कुणी फोडली?”

त्यानंतर पाईप दुरुस्त झाला, भोकाला रबर बसलं, शेडमध्ये इंजिन चालू करायला बंदी आली. काका बांधावर गाडी लावून झोपू लागले. आपल्याला ॲसिडिटी झाली होती यावर ते शेवटपर्यंत ठाम होते. काकू कामातून उठून बांधावर जायची आणि काच ठोकायची. आतून एक ठोका आला की परत फिरायची. भर उन्हात ती चपला न घालताच जायची, हे मी पाहिलं आहे.

एकदा काकांनी गंमत म्हणून उत्तर दिलं नाही. तिने दुसऱ्यांदा ठोकलं नाही. दुसरी काचही फुटली. काका काचा झटकत बाहेर आले आणि काच कुणी फोडली, हे त्यांनी या खेपेला विचारलं नाही.