धाकटीच्या पोटातली गोळी

आमच्या घरात सुनेची पाळी ही तिची एकटीची गोष्ट नसते. न्हाणीशेजारच्या खोलीत चटई पडली की सासऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पाणीसुद्धा मागून घ्यायचं. आणि चटई पडायला जरा उशीर झाला, की सासूबाईंचा चेहरा खुलतो. दोन मुलींवर त्यांना नातू हवा आहे. मला तिसरं मूल नको आहे. इथं जितकं सरळ लिहिते आहे, तितकं सरळ हे मी त्या घरात कधी बोलले नाही.

नवऱ्याशी बोलले होते. तो म्हणाला, "तुझं तू बघ, फक्त आईला कळू देऊ नको." मग माझं मी बघितलं. मला पाळीत अंगावरून फार जायचं, रक्तही कमी झालं होतं, म्हणून परभणीच्या डॉक्टरबाईंनी गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकिटामागून पाकीट सलग घ्यायला सांगितलं. तीन पाकिटं संपली की थोडे दिवस थांबायचं, तेव्हाच पाळी येणार. "वेळ चुकवू नका. चुकलीच तर आठवेल तशी लगेच घ्या. मध्येच थोडं रक्त दिसेल, त्याला भ्यायचं नाही. पण ओळीनं दोन राहिल्या, तर पुढचा आठवडाभर गोळीवर भरवसा ठेवू नका."

पाळी थांबली, पण चटई थांबवून कसं चालेल? लगेच पेढ्यांची तयारी झाली असती. म्हणून तारीख आली की मी आपली चटई अंथरून बसायचे. जिंतूरच्या शाळेतून येताना पेपर तपासायला घेऊन यायचे आणि चार दिवस हातात आयतं ताट. खोटं बोलून मिळालेली सुट्टी मी मजेत घालवली, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

गोळ्या लपवायच्या कुठे, हा खरा प्रश्न होता. कपाटाची किल्ली सासूबाईंकडे. पर्स मुली उचकायच्या. गावातलं मेडिकल चुलतदिराचं, म्हणजे पाकीटही जिंतूरहूनच आणायचं. शेवटी माजघराच्या कोपऱ्यातली पत्र्याची लहान कोठी सापडली. तिच्यात जुनी चिरगुटं होती, वर्षानुवर्षं कोणी झाकण उघडलेलं नव्हतं. संध्याकाळी सासूबाई मारुतीला दिवा लावायला गेल्या, की मी झाकण उघडायचे.

यंदा महालक्ष्म्यांच्या आठवड्यात शाळेत कार्यक्रम होते. एसटी रोज उशिरा, गोळीही दोनदा उशिरा झाली. महालक्ष्म्या यायच्या दिवशी शाळेतून घरी पोचले तेव्हा दोघी उभ्या राहिल्या होत्या. मुखवटे, नथी, भरजरी साड्या, पुढे त्यांची पितळी लेकरं, एक मुलगा आणि एक मुलगी. मी हात जोडले आणि सहज कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा रिकामा.

"कोठी कुठाय, आत्याबाई?"

"स्टँडचा पाय मोडला बघ ऐन टायमाला," सासूबाई म्हणाल्या. "मग म्या म्हणलं, आमच्या सासूच्या वक्ताला कोठ्यांवरच बसायच्या की. ही धाकटी त्याच्यावरच उभी केली. आतमधी चिरगुटावरच गहू भरले. देवीचं पोट रिकामं ठिवू न्हाई."

चिरगुटं तशीच तळाशी होती, त्यांच्या घडीत माझं पाकीट, त्यावर पायलीभर गहू आणि त्यावर देवी. आता तिसऱ्या दिवशी हलवेपर्यंत तिला हात लावायचा नाही. मला हसू आलं.

त्या संध्याकाळची गोळी गेली. दुसऱ्या दिवशी नैवेद्य. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि सगळं सोवळ्यात मी करायचं, कारण माझ्या हातची पोळी फाटत नाही. दहा-बारा पोळ्या झाल्या असतील, तेव्हा मला ती ओली ऊब जाणवली.

न्हाणीत जाऊन बघितलं. रक्तच होतं.

सांगावं, तर पंधरवड्यापूर्वीच मी चटईवर बसले होते. सासूबाईंचा हिशेब बोटांवर तयार असतो. लगेच दवाखाना, लगेच प्रश्न. न सांगावं, तर देवीचा नैवेद्य. मी विटाळ मानत नाही, असं शाळेत मुलींना सांगते. पण त्या न्हाणीत उभी असताना मला भीती वाटली, खरीखुरी, आणि मग त्या भीतीचाच राग आला. डॉक्टरबाई भ्यायचं नाही म्हणाल्या होत्या. त्यांना काय जातंय!

कापडाची घडी घेतली, हातपाय धुतले, परत चुलीसमोर बसले.

"काय गं, तोंड का सुकलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"उपास आहे ना."

"लय करतीस माय," त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी पोळ्या लाटत राहिले. त्या संध्याकाळी ओळीनं दुसरी गोळी गेली. पाहुण्यांनी भरलेलं घर सोडून जिंतूरला जायला काय कारण सांगणार होते? धाकटीच्या समोर बसून आरती म्हटली आणि सगळा वेळ तिच्या पोटाकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका जमल्या. सासूबाईंनी मुखवटा उतरवला, साडी सोडली, सुपात गहू काढायला लागल्या. मी पुढे झाले, "द्या, मी काढते." त्यांनी हात बाजूला सारला. गहू संपले. बाई काटकसरी, चिरगुटंही झटकली. पाकीट सुपात पडलं.

सासूबाईंनी ते उजेडात धरलं.

"अगं, ह्या पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या न्हाईत का?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "माझी सून बी घेती सणावाराला."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "देवीसाठी खाल्ल्यास व्हय गं? आन् देवीच्याच पोटात ठिवल्यास?" बायकांकडे बघून म्हणाल्या, "बघा, शिकलेली हाय, पर देवधर्म किती करती."

मी सुटले होते. हसून मान हलवली, दुसरं काय करणार?

"आता सण झाला," असं म्हणत त्यांनी पाकीट कनवटीला खोचलं. "ह्या माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. नवरात्राला दीन. तवर उगं खाऊ नको, गरम पडतेत पोटाला. अवंदा म्या देवीला मागनं मागितलंय."

दारात उभा नवरा आईच्या आनंदाकडे बघून हसत होता. आज रात्री तो खुशीत असणार, हे मला तिथेच कळलं.

"वटी पसर," सासूबाई म्हणाल्या. मी पदर पसरला. त्यांनी तांदूळ घातले, नारळ घातला आणि महालक्ष्म्यांपुढची लेकरं उचलली. मुलगी परत खाली ठेवली. मुलगा माझ्या ओटीत घातला.

"नीट धर, पडू देऊ नको."

मी दोन्ही हातांनी धरला. बायका गाणं म्हणत होत्या आणि माझं रक्त अजून थांबलं नव्हतं.