झोपली आहे, उठवू नका

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मावशी बत्तीस वर्षं काच फुंकत होत्या. फुटका चंबू असो की तुटकी नळी, त्यांच्या हातून नवी होऊन जायची. काय हात होता बाईचा!

त्या म्हणायच्या, "बर्फाचं सरळ असतं, अमुक इतका तापला की पाणी. काचेचं तसं नाही बाई. ती आधी पेंगते, मग मधासारखी ओघळते. निवतानाही तशीच. नेमकी घट्ट कधी झाली, ते तिचं तिलाच ठाऊक!"

घडवलेली काच त्या भट्टीत ठेवून दिवसभर हळूहळू निववत. याला त्यांचा शब्द 'झोपवणं'. भट्टीच्या दारावर पाटी असे: 'झोपली आहे. उठवू नका.'

नव्या साहेबांना ती खोली बंद करून तयार माल मागवायचा होता. तसा कागद टाईप झाला होता, फक्त सही बाकी होती; मावशींच्याही ते कानावर आलं होतं. एका सकाळी ते एका मोठ्या प्रयोगासाठी घडवलेली नळी न्यायला आले, तेव्हा मावशी सामान आणायला गेल्या होत्या. पाटी वाचून साहेबांचं डोकंच फिरलं.

"कामाच्या वेळेला झोपते, आणि वर पाटी लावते?" म्हणत त्यांनी खाडकन भट्टी उघडली.

मावशी धावतच आल्या आणि दार लावलं. "अहो साहेब, मी नाही हो, काच झोपलीय!"

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण हार कशी मानणार? "घट्ट तर दिसतेय. द्या."

"गार वारा लागून वरून आखडलीय, आतून अजून आखडायचीय. आतल्या आत ओढाताण चाललीय. आज नेलीत तर तडकेल."

"आणि उद्या तडकली तर?"

"तर त्या कागदावर खुशाल सही करा."

मावशींनी भट्टी पुन्हा तापवली. कमी तापली तर ताण राहणार, जास्त तापली तर नळीच वाकणार. काच जेमतेम पेंगेल इतकीच आच त्यांनी दिली, आणि मग थेंबाथेंबानं कमी केली.

दुसऱ्या दिवशी नळी प्रयोगाला लागली. तापली, गार झाली, पुन्हा तापली. साधा चरासुद्धा गेला नाही.

संध्याकाळी मावशी खोलीत आल्या, तर भट्टीवर साहेबांच्या अक्षरातली नवी पाटी: 'काच झोपली आहे. मावशी जाग्या आहेत.'

मावशींनी पाटीचा कागद उलटून पाहिला. मागे खोली बंद करण्याचा मजकूर होता, आणि सहीची जागा कोरी होती.