सूनबाईची ताकीद

जगूभाऊंच्या घरी जेवायला गेलं की ओट्यावर सगळं मांडलेलं असायचं, फक्त गॅस पेटलेला नसायचा. शेगडीवर लोखंडी कढई, वाटीत ठेचलेला लसूण, पंचावर पसरलेली हिरवीगार पानं आणि लायटर हातात धरून उभे भाऊ. "बसलात का?" ते विचारायचे. "बसतेच आहे" चालायचं नाही. ताट पुढे ओढून, मांडी घालून, बूड टेकलं की मगच खटका उडायचा. "सूनबाईची ताकीद हाय, ताई. खानारा बसल्याशिवाय गॅस नाय पेटवायचा."

माणिकपूरच्या पुढे आमची इमारत उभी राहिली, तेव्हा बँकेच्या बदलीमुळे मी कोल्हापूरहून इथे आले आणि राहिलेच. माझ्या गॅलरीखाली भाऊंची वाडी होती. थोडी केळी, चार नारळ, पालेभाजीचे वाफे आणि शेवटी बावखल, म्हणजे पाणी शिंपायचं तळं. आजूबाजूच्या वाड्यांच्या इमारती झाल्या होत्या. भाऊंची तेवढी राहिली होती, कारण विकायचा विषय काढला की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं.

पाकचोय त्यांच्या वाडीत आली ती एका व्यापाऱ्यामुळे. मुंबईच्या हॉटेलांना चिनी भाजी लागते म्हणून त्यानं बी आणून दिलं, दोन हंगाम माल उचलला आणि मग फिरकलाच नाही. भाजी मात्र मुक्कामाला राहिली. पांढरी जाड देठं, डावासारखी गोल पानं. भाऊंचा मुलगा प्रशांत सिंगापूरला असतो. त्यानं तिकडचीच चिनी मुलगी केली, लिन. ती पहिल्यांदा सासरी आली तेव्हा भाऊंच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी, तिच्या आवडीची म्हणून हीच भाजी केली. केली म्हणजे माठासारखी बारीक चिरली, कांदामिरचीवर टाकली, झाकणावर पाणी ठेवून चांगली मऊ शिजवली आणि वर ओलं खोबरं. लिननं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि नवऱ्याला विचारलं, ही कुठली भाजी, मी कधी खाल्ली नाही. कळलं तेव्हा ती इतकी हसली की वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वळखू नाय आली म्हनजे चांगली झाली," वहिनी म्हणाल्या.

ती त्या घरातली शेवटची हसतीखेळती पंगत. पुढच्या वर्षी वहिनी गेल्या आणि भाऊ स्वयंपाकघरात आले. तोवर त्यांना चहापलीकडे काही येत नव्हतं. लिननं फोनवर शिकवायला घेतलं. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला, पलीकडे ती, अलीकडे हे, आणि दोघांत धड एक भाषा नाही. "तिचं तोंड नाय बगायचं, हात बगायचे," भाऊ सांगत. देठाच्या बुडाशी माती लपलेली असते, म्हणून गड्डी उलगडून एकेक पान धुवायचं. धुतलं की कोरडं करायचं, नाहीतर कढईत तेलाऐवजी पाणीच तडतडतं. कढई धूर येईपर्यंत तापवायची. आधी लसूण, मग देठं, पानं अगदी शेवटी. आणि जिच्याशिवाय वहिनींचं पान हलत नसे, ती झाकणी तर हातातही धरायची नाही. "झाकलीत की पिवळी पडली. ही भाजी कोनाची वाट बगत नाय, मानसानं हिची वाट बगायची."

मी एकटी राहणारी, हाकेच्या अंतरावरची, त्यामुळे खाणारी म्हणून माझी नेमणूक झाली. गॅलरीखालून हाक यायची, "ताई, पानं धुतली वो!" म्हणजे निघायचं. मला वाढून झालं की त्याच कढईत स्वतःपुरती परतायचे आणि समोर बसून कुरकुर आवाज करत खायचे. मी नसले तर कोणीही चालायचं. एकदा वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी धरून बसवलं. तो बिचारा पिशवी खांद्यालाच ठेवून बसला होता. भाऊंनी ती उतरवायला लावली. "पिशवी खांद्याला म्हनजे मानूस अर्धा उभाच."

एका रविवारी मला चंदनसारला लग्नाला जायचं होतं. हाक आली तेव्हा मी गॅलरीतूनच नाही म्हटलं. "बरं बरं," ते म्हणाले. साडी नेसताना सहज खाली पाहिलं, तर भाऊ पंचातली पानं शेजारच्या कोंबड्यांना टाकत होते. नंतर पडवीत बसून त्यांनी चहात बटर बुडवून खाल्लं. लग्नात पंगतीला बसल्यावर मला घास जाईना. मीही घरी एकटीच खाते, पण ते खाणं असं वरून कोणी पाहिलेलं नाही, एवढाच काय तो फरक.

सगळी तयारी खरी लिनसाठी होती. तिला एकदा आपल्या हातची गरम भाजी वाढायची, एवढंच त्यांचं मागणं. प्रशांत मे महिन्यात येणार होता, मग गणपतीत, मग नाताळात. दर वेळी काहीतरी निघायचं. भाऊ कुरकुरत नसत. एक वाफा संपत आला की दुसरा पेरायचे. "कवा उतरेल काय नेम? सुनंला काय जून भाजी घालू?" माझ्या ताटात पडत होता तो सराव, असं ते म्हणत. मीही तसंच समजत होते.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी भाऊ वाफ्याशी बसले ते उठले नाहीत. प्रशांत आणि लिन आले. तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी लिननं खुणेनं मला आत बोलावलं. तिनं शेवटच्या वाफ्यातली भाजी खुडून, धुऊन, पंचावर पसरली होती. भाजी जरा जून झाली होती. मी आत पाऊल टाकलं तेवढ्यात तिनं गॅस पेटवला.

"थांब, मला बसू दे!" मी घाईघाईनं ताटाकडे गेले. ती बघतच राहिली. मग मी तिला इंग्रजीत तिचीच ताकीद सांगितली.

लिननं गॅस बंद केला. "मी असं कधीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, बाबा, ही एकट्या माणसाची भाजी आहे. कुणासाठी थांबायचं नाही. भूक लागली की पेटवा आणि तिथेच उभ्याउभ्या खा."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग लिननं लायटर माझ्या हातात दिला आणि ती ताटापुढे जाऊन बसली, मांडी घालून, अगदी नीट.

"बसलीस का?" मी मराठीतच विचारलं.

तिनं मान हलवली. मग मी गॅस पेटवला.