बलून वर, जीप खाली

आमच्याकडे पाहुणे आले की चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते वॉकी-टॉकीचं सांगा ना!" आता कुठलं कुठलं सांगू? ह्यांनी फौज सोडली आणि जयपुरात पर्यटकांसाठी बलून उडवायला घेतला, तेव्हापासून दर हंगामात एखादा किस्सा वाढतोच. हे वर टोपलीत पाहुणे घेऊन, आणि खाली जीपमध्ये मी आणि ड्रायव्हर बनवारी, त्यांच्या मागे मागे. ऐकणारे हसतात. माझा मात्र बलून वर असेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो.

*

बलूनमधून विमानतळाच्या टॉवरशी बोलायचं तर वायरलेस सेटला परवाना हवा, शिवाय बोलणाऱ्यानं परीक्षा द्यायला हवी. तीही तोंडी! ह्यांनी घरात सराव सुरू केला.

"किचन, किचन, चहा हवा आहे, ओव्हर."

"दूध नासलंय. आउट!"

पास झाले बिचारे.

*

जीपशी बोलायला मात्र ह्यांनी ऑनलाइन मोठे ताकदवान सेट मागवले. मी विचारलं, "ह्या सेटना परवाना?" तर म्हणे, "अगं, सगळेच वापरतात!"

एका सकाळी आमेरच्या पुढे वायरलेस तपासणीवाल्या साहेबांनी जीप अडवली. आमचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी कामात घुसत होता. बनवारीनं सेट सीटखाली सरकवला आणि हात जोडले, "साब, वायरलेस तो कोनी म्हारे कने!" म्हणजे, आमच्याकडे वायरलेसच नाही!

तेवढ्यात सीटखालून ह्यांचा आवाज, "बनवारी, कहाँ मर गया? हवा बदल गई है!"

साहेबांनी मान वर करून आकाशात पाहिलं. "पहले इनको नीचे उतारिए. फिर बात करते हैं."

उतरवलं. दोन्ही सेट जप्त झाले.

*

मग नियमातले आणले. कमी ताकदीचे, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचे, सरकारी मान्यतेचे. त्यांना परवाना लागत नाही. आम्हाला लागत नाही, तसा दुसऱ्या कुणालाही लागत नाही, हे नंतर कळलं! उंचावर गेलं की निम्म्या शहराच्या गप्पा कानावर येतात.

एकदा बलूनच्या समोर विजेच्या तारा आल्या. मी सेटमध्ये ओरडतेय, "वर घ्या, वर घ्या, तारा आहेत!" आणि वर ह्यांच्या कानावर कुठल्याशा होस्टेलची मेस, "पोहे खत्म! दूसरा भगोना भेजो!"

बलून तारांवरून कसाबसा सुटला. हे मात्र वरून विचारतात, "त्यांचे पोहे पोचले का?"

*

उतरताना हे गप्प होतात. सेटवर बोलायचं तर बटण दाबायचं, ऐकायचं तर सोडायचं; ह्यांचा एक हात बर्नरवर, दुसऱ्यात दोर, बटण दाबणार कशानं? हे मला पाठ आहे, तरी त्या शांततेची सवय होत नाही.

त्या दिवशी वारा अचानक वाढला. बलून तिरका होत टेकडीमागे घसरला आणि दिसेनासा झाला. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच. पुढे रस्ता संपला, तशी बनवारीनं जीप सरळ मोहरीच्या शेतात घातली.

ओव्हर-बिव्हर सगळं विसरले मी. सेट दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला आणि नुसती बोलत सुटले, "अहो, ऐकताय का? उतरलात ना नीट? एकदा आवाज द्या. मला भीती वाटतेय हो. अहो, बोला ना काहीतरी!" बनवारी समोर बघत राम राम पुटपुटत होता. माझे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना.

बांधावर जीप जोरात उडाली आणि सेट हातातून निसटून पायाशी पडला.

पडल्या पडल्या त्यातून आवाज आला, "...अगं बाई, केव्हाचा बोलतोय! आधी ते बटण सोड!"