ब्रेकचं तेल जायचं कुठे

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जळगावजवळ असोद्याला आमच्या घरासमोर निंबाखाली एक जुना ट्रक उभा असायचा. माझ्या यजमानांनी तो दुसऱ्या मालकाकडून घेतला होता आणि ते स्वतःच चालवायचे. फैजपूरकडची केळी भरायची आणि धुळ्याला नेऊन उतरवायची, हा धंदा. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे केबिनमध्ये जागा असली की मीही पिशवी घेऊन चढायचे. डिझेल, केळीची पानं आणि उन्हात तापलेलं रेक्झिन यांचा मिळून एक वास त्या केबिनला होता. एरंडोल मागे पडलं की ते शीळ घालायला लागायचे. घरात सासऱ्यांसमोर, म्हणजे आबांसमोर, त्यांचा आवाजसुद्धा निघत नसे. खरं सांगायचं तर लग्नानंतर आमची ओळख त्या केबिनमध्येच झाली.

एका हिवाळ्यात पारोळ्याला ते घडलं. आठवडी बाजार होता, रस्त्यावर ही गर्दी. पुढे चाललेली कडब्याची बैलगाडी एकदम थांबली. यजमानांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खालच्या पत्र्याला जाऊन टेकलं. त्यांनी पेडलवर भराभर पाय मारले, खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. ट्रक थांबला तो कडब्यात नाक खुपसूनच. कुणाला काही लागलं नाही. गाडीवान शिव्या देत उतरला, बैलांच्या अंगावरून हात फिरवला, आमच्या काचेवर अडकलेला कडबा ओढून काढला आणि मग स्वतःच हसायला लागला. यजमान हसले नाहीत. ते खाली वाकून पेडल हाताने पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते.

ब्रेक ऑईलची डबी उघडून पाहिली, तर तेल तळाला गेलेलं. तिथेच बाटली आणून भरलं, हवा काढली, तेव्हा कुठे पेडल ताठ झालं. पण पुढच्या फेऱ्यांना पुन्हा तेच. जळगावच्या मिस्तरीने चाकांचे चारही ड्रम उघडले, आतली रबरं बदलली, पाइपांवरून बोटं फिरवून पाहिली.

"भाऊ, सगळं कोरडं आहे," तो म्हणाला. "गळती कुठेच नाही."

तेल मात्र कमी होतच राहिलं.

यजमानांचा उजवा पाय आधी एकदा केळी उतरवताना पडून मोडला होता. आबांना तेवढं निमित्त पुरलं. जेवताना ते म्हणाले, "तुहा पाय आता पह्यल्यासारखा नाही राह्यला. एखांदा डायवर ठेव." यजमानांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली. मला वाटलं, मनाला लागलं असेल, विसरतील. पण एका दुपारी मी मागच्या पडवीत गेले तर हे बाजेवर बसलेले, भिंतीला वीट लावून तिच्यावर उजवा पाय दाबत होते. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. कपाळावर घाम. मला पाहून त्यांनी पाय मागे घेतला आणि चप्पल शोधायला लागले.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की पारोळ्यापासून हा माणूस ट्रकवर नाही, स्वतःच्या पायावर संशय घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीतली राख चाळली आणि म्हटलं, "पाइपांच्या जोडांवर आणि चाकांच्या आतल्या अंगाला ही लावू या. थेंब जरी आला तरी राख ओली होईल." ते राख घेऊन ट्रकखाली शिरले. राख लावून ट्रक दिवसभर तसाच ठेवला. ती कोरडीच राहिली. डबीतलं तेलही हललं नव्हतं.

"उभा असताना जातच नाही मग," मी म्हटलं.

"चालू करून पाहू," ते म्हणाले. "पण पेडल कुणीतरी दाबून धरायला हवं. मी खाली बघतो."

ड्रायव्हरच्या जागेवर मी तोवर कधी बसले नव्हते. पदर खोचला आणि बसले. इंजिन बंद होतं तोवर पेडल दगडासारखं टणक लागलं. मग त्यांनी चावी फिरवली आणि ते खाली शिरले. मी पाय दाबून धरला. आधी पेडल थांबलं, आणि मग माझ्या पायाखालून हळूहळू, चिखलात रुतावं तसं, खाली जायला लागलं. मी आणखी जोर लावला. ते जातच राहिलं.

"अहो!" मी ओरडले. "माझ्याही पायाखाली खालीच जातंय!"

ते बाहेर आले. तोंडाला राख लागलेली. "पुन्हा दाब," म्हणाले. मी पुन्हा दाबलं. केबिनच्या दाराला धरून ते माझ्या पायाकडे नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या पायाला तर काही झालेलं नाही."

"तुमच्याही नाही," मी म्हटलं.

त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच बॉनेट पुसायला लागले.

डबीतलं तेल उतरलं होतं आणि जमिनीवर एक थेंब नव्हता. आम्ही रिकामा ट्रक घेऊन, हळूहळू, मध्ये मध्ये थांबून तेल बघत धुळ्याला गेलो. तिथला म्हातारा मिस्तरी माझ्या वडिलांच्या ओळखीचा. आम्ही काय काय करून पाहिलं ते त्याने नीट ऐकून घेतलं आणि ड्रमांना हातही न लावता थेट बूस्टर सोडवला. ब्रेकला जोर देणारा तो बंद लोखंडी डबा. इंजिन चालू झालं की त्यातली हवा ओढली जाते. त्याने तो तसराळ्यावर उपडा धरला आणि आतून आमचं तेल भळाभळा पडायला लागलं. आतलं रबर फाटलं होतं. इंजिन चालू असताना पाय दाबला की त्या ओढीने तेल चाकांकडे जायच्या ऐवजी फाटक्या रबरातून डब्यात जाऊन साचायचं.

"तेल कोठेच नही गये, बेटा," तो हसत म्हणाला. "बठ्ठं आठेच शे." म्हणजे सगळं इथेच, त्या डब्यात.

नवं रबर बसलं. परतताना पारोळ्याच्या बाजारात माझे डोळे त्यांच्या उजव्या पायावरच होते. ट्रक जिथे थांबायला हवा तिथे थांबला. आबांना यजमानांनी घरी गेल्यावर एवढंच सांगितलं, "बूस्टर खराब होता." आबा 'हं' म्हणाले आणि ड्रायव्हरचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, कापूस निघून मोकळ्या पडलेल्या शेतात, यजमानांनी मला ट्रक चालवायला शिकवलं. रस्त्यावर मी तो कधी काढला नाही, तशी हिंमतही नव्हती आणि रीतही. पण त्या ढेकळांतून पहिल्या गिअरमध्ये मी बांधापर्यंत गेले आणि तिथे इंजिन बंद पाडलं. यजमान शेजारी बसून "क्लच, अगं क्लच!" ओरडत होते. मागे धुळीचा हा लोट उठला होता. तो खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही खाली उतरलो नाही.