मॉरिस कोणी पळवली?

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग लाज वाटते. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी नवा फौजदार म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात नुकताच हजर झालो होतो. मूळचा सातारकर, त्यामुळे मराठी आपल्यालाच येते अशी माझी पक्की समजूत होती.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी बंदोबस्ताच्या नेमणुका वाचून दाखवत होतो. तेवढ्यात गावातले एक निवृत्त वकीलसाहेब धापा टाकत आत आले.

"माझी मॉरिस पळवली!"

ती गाडी साऱ्या गावाला माहीत होती. गडद हिरवी मॉरिस मायनर, बाकदार पाठ, गोल गोल दिवे. खरं सांगायचं तर तिच्यावर माझाही डोळा होता. सायकलवर राउंडला निघालो की वकीलसाहेबांच्या फाटकाशी माझे पाय आपोआप मंदावत. फौजदाराच्या पगारात ती फक्त स्वप्नात चालवता येण्यासारखी होती, आणि तशी मी ती नियमित चालवत असे.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"नागपूरचा एक डॉक्टर आहे. परवा गाडी त्याला द्यायचा शब्द दिलाय मी."

"जो विकत घेणार तो चोरेल कशाला?"

"दोनदा आला आणि नुसता गाडीत बसून गेला! अशा माणसाचा काय भरवसा?"

ड्रायव्हरबद्दल विचारलं तर ते माझ्यावरच उखडले. वीस वर्षांपासूनचा माणूस, बायकोपेक्षा गाडीला जास्त जपतो, म्हणाले. मी कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि नागपूरला बिनतारी संदेश धाडला.

तासाभरात आमचा खबऱ्या आला. नाक्यावर त्याचा पानठेला होता.

"साहेब, थे हिरवी गाडी नाचनगावच्या पोळ्यात उभी हाये. बैलाइच्या रांगेत. झूल गिल टाकून."

सणाचा दिवस म्हणून मी त्याचं तोंड हुंगून पाहिलं. पानाशिवाय कसलाच वास नव्हता.

जीप काढून आम्ही नाचणगाव गाठलं. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल ओळीनं उभे होते आणि दोन पांढऱ्या बैलांच्या मधोमध मॉरिस उभी होती. टपावर झूल, बंपरला घुंगरमाळ, दिव्यांभोवती गेरू, बॉनेटच्या दोन्ही अंगांना हळद-तूप. शेजारी वकीलसाहेबांचा तोच वीस वर्षांपासूनचा ड्रायव्हर, नवं धोतर नेसून.

मी पुढे झालो, तर पोलीस पाटील आडवे आले.

"पोळा फुटल्याबिगर रांगेतलं जनावर हालवत नाई, साहेब."

"जनावर कुठंय? मोटार आहे ती!"

"रांगेत हाये ना जी?"

याला दंडसंहितेत उत्तर नव्हतं. अर्धा तास आम्ही बैलांच्या मागे उभे राहिलो. माझ्या नव्या बुटांचं जे व्हायचं ते झालं. तोरण तुटून पोळा फुटला, तेव्हा कुठे पंचनामा करून गाडी आणि ड्रायव्हर ठाण्यात आणले. गाडी ओळखण्यासाठी वकीलसाहेबांनाही बोलावून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं.

"गाडी तू पळवलीस?" मी आवाज चढवला.

त्यानं मान खाली घातली. "पळवली जी. चुकलंच माह्यं."

पहिल्याच प्रश्नाला कबुली! मनातल्या मनात मी वरिष्ठांची शाबासकी ऐकली.

"कुठून पळवलीस?"

"नाक्यापासून."

गाडी गेली घरातून आणि हा म्हणतो नाक्यापासून. काहीतरी लपवतोय, हे मी ताडलं.

"सोबत कोण होतं?"

"माय होती जी, मांगच्या सीटवर. थेच म्हने, पळव, पळव."

म्हणजे सत्तरीच्या म्हातारीवर चिथावणीचं कलम लागत होतं. मी जबाब लिहिला, वाचून दाखवला. "बरोबर आहे?"

"बरोबर हाये जी."

मी लॉकअपची किल्ली मागितली, तर आमचे हवालदार तोंडावर रुमाल धरून खोकत होते. ते मूळचे हिंगणघाटकडचे. "साहेब," ते कसेबसे म्हणाले, "तो गाडी जोरात हाकली म्हनून राह्यला. चोरली नाई म्हनत."

"हो जी," ड्रायव्हर म्हणाला. "बाईसाहेबाइची तंबी होती, चाळीसच्या वर नेजो नोको. पन मायले घाई, पोळा फुटून जाईन म्हने. म्यां पन्नासनं नेली."

वकीलसाहेब बाकावरून उठून आत आले. "पण मला न विचारता नेलीच का?"

"दर पोळ्याले नेतो जी. आदल्या संध्याकाळी 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हनून बैलासारखं आवतन देतो, दुसऱ्या दिवशी नेतो. वर्सभर राबते थे, मंग तिले पोळा काऊन नाई? तुम्ही जेवून झोपले का बाईसाहेब किल्ली देत होत्या. यंदा बाईसाहेब नाई. तुम्हाले उठवाचा धीर नाई झाला, खुंटीवरून मीच घेतली. आता गाडीच चालली, म्हनलं शेवटचा पोळा होऊन जाऊ दे."

वकीलसाहेबांच्या पत्नी त्याच उन्हाळ्यात वारल्या होत्या. ते खुर्चीत बसले.

"मला कधी सांगितलं नाही तिनं," ते म्हणाले.

"सायबाले नोको सांगू म्हनत. आन् येतानी माह्यासाठी पुरनपोळी आनजो."

"आणलीस?"

"आनली जी. डिक्कीत डबा हाये."

हवालदारांनी घसा खाकरला. डबा 'मुद्देमाल क्रमांक दोन' म्हणून पंचनाम्यात चढला होता आणि त्याला लाखेची मोहोर लागली होती. साऱ्या नोकरीत कोर्टाला न विचारता मी एकच मोहोर फोडली, ती ही. वकीलसाहेबांनी ठाण्याच्या टेबलावर पुरणपोळी खाल्ली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा खाल्ली. मी उगाच डायरी चाळत बसलो.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी 'क' समरी पाठवून प्रकरण बंद केलं. त्या समरीत लिहावं लागलं, "सदर वाहन पोळ्यास जेवावयास गेल्याचे निष्पन्न झाले." गाडी ठरल्याप्रमाणे डॉक्टरांकडे गेली. हा प्रकार ऐकून ते हसले नाहीत. उलट हळद-तुपानं रंग खराब होतो का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. "वीस वर्सं झाले, झाला का?" असं म्हणून ड्रायव्हरनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि आवतणाचे शब्द त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे खरं. पण तोवर त्या माणसाचा सण, अब्रू आणि पुढची नोकरी गेली असती. मी एका क्रियापदावर त्याला चोर ठरवला होता. तो जबाब ऐकून त्यानं "बरोबर हाये जी" म्हटलं होतं, कारण साहेबानं लिहिलं ते बरोबरच असणार असा त्याचा विश्वास होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कबुली देणाऱ्या प्रत्येक माणसाला लिहिण्याआधी एक प्रश्न जास्त विचारला, "म्हणजे नेमकं काय केलंस बाबा?"