चार दिननी गोट

शहाद्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगणं, ही माझी नोकरी. माणसं येतात, काचेवर बोट आपटतात आणि विचारतात, अक्कलकुव्याकडची गाडी कधी येणार? हायवेवर ट्रकांची रांग लागली असेल तर मला काय कप्पाळ माहीत असणार? तरी मी सांगतो, येईलच आता, बसा. हे मी इतक्या थंडपणे सांगतो की लोकांना वाटावं, केवढा सबुरीचा माणूस! घरी मात्र चहाला उकळी येईपर्यंत मला दम निघत नाही. तेवढ्यात मी ओसरीतून दोनदा जाऊन येतो. अशा माणसानं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढावं, म्हणजे स्वतःच्याच जिवाला घोर लावून घेणं होतं.

काढलं ते मायसाठी. गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीचा स्लॅब गळायला लागला आणि नेमका तिच्या खाटेवर. खाट सरकवली तर पाणीही सरकलं. शेवटी ऐंशीच्या घरातली माझी आई भर पावसात स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीशेजारी झोपली. मला त्याची इतकी लाज वाटली की मी तेव्हाच ठरवलं, पुढच्या पावसाळ्याच्या आत गच्ची नीट करायची म्हणजे करायचीच.

पण त्यात एक गोम होती. पावसाळ्यात माय त्या खोलीत झोपते, आणि उन्हाळ्यात गच्चीवर. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी तिचं अंथरूण वर जातं ते मृगाचा पहिला शिंतोडा पडला की खाली येतं. आम्ही बाकीचे कधीच कूलरला शरण गेलो. तिला कूलरचा वारा ओला लागतो, आणि उन्हाळ्यात बंद खोलीत तिचा जीव घाबरा होतो. उठून बसते, छातीवर हात ठेवते, दार उघडा म्हणते. वर गेली की गाढ झोपते. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला, ते उलटवायला, कावळे हाकलायलाही तीच दिवसातून कितीदा तरी भिंतीला हात लावत जिना चढायची. म्हणून काम आखाजीच्या आत संपायला हवं होतं. माझी घाई एवढ्यासाठीच होती.

मिस्त्री आला, गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या, टाचेनं कोबा ठोकून बघितला. मी विचारलं, किती दिवस लागतील?

"चार दिननी गोट शे, सर," तो म्हणाला. चार दिवसांची गोष्ट.

माय जिन्याच्या तळाशी उभी होती. तिला बरं वाटलं. तिचं माहेर कळसाडीचं, मातीच्या धाब्याचं घर. तिच्या लेखी आमची सिमेंटची गच्चीही धाबंच. ती मिस्त्रीला सांगायला लागली की त्यांच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर बैलगाडीनं खारी माती यायची, घरची सगळी माणसं मिळून ती धाब्यावर पसरायची आणि पायांनी दाबायची. "एक दिनमा काम व्हई जाये. रातले वर जपाले मोकया!" त्याच रात्री वर झोपायला मोकळे. मिस्त्री हसला. मी हसलो नाही, कारण मला तो एक दिवस फार आवडला होता.

ते चार दिवस नुसता जुना कोबा फोडण्यात गेले. घरभर धूळ, भाकरीत कचकच, डोक्यात घणाचे ठोके. मग विटांचे तुकडे आले, मग वाळू यायची थांबली. मी जेवणाच्या सुट्टीत स्कूटर पळवत घरी यायचो, धडाधड जिना चढायचो, वर बघायचो आणि पुन्हा धडाधड उतरायचो. बायको म्हणायची, तुमच्या बघण्यानं सिमेंट लवकर घट्ट होतं का? मला ते कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कूटरला किक मारायचो.

तेवढ्यात आखाजी आली. मजूर नवरा-बायको डोंगरातल्या आपल्या गावी लग्नाला गेले. तिकडचं लग्न म्हणजे अख्ख्या गावाचं काम, ते उरकल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही. मिस्त्री फोनवर म्हणाला, "आखाजी शे ना, सर. मजूर कोठून लयू?" मायनं त्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला, सगळ्यांना वाढलं आणि संध्याकाळी अंथरुणाची वळकटी काखेत मारून जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली. वर विटांचा ढीग पडलेला. "कव्हय व्हई रे भाऊ?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, होईलच आता, बस. आणि माझाच आवाज मला खिडकीतला वाटला.

पुढे मजूर आले, कोबा झाला, कठड्याच्या कडेचे कोपरे गोल करून झाले. वाटलं, सुटलो. पण मिस्त्रीनं गच्चीभर सिमेंटची बुटकी आळी घातली आणि त्यात पाणी भरून ठेवायला सांगितलं. कोबा पाणी पीत राहिला पाहिजे म्हणे. आमच्याकडे नळ दिवसाआड, ऊन असं की पायरीवर हात टेकवत नाही. सकाळी भरलेलं पाणी दुपारी निम्मं. मी टँकर मागवला. रोज वर जाऊन आळ्यात बोटं बुडवून बघायचो, पेरभर राहिलंय का नाही. खोलीत माय खिडकीला नाक लावून बसायची. उशाला पाण्याचा तांब्या, हातात विंझणा, डोळ्याला डोळा नाही. सकाळी तिचा ओढलेला चेहरा बघितला की मला मिस्त्रीची मानगूट धरावीशी वाटायची.

एकदा भांडलोच. म्हटलं, किती दिवस चाललंय हे तुमचं? तो शांतपणे पाण्याकडे बघत म्हणाला, "घाई करी ते पावसायामा परत गयी. मंग मालेच बोलशात." उद्या गळालं की मी त्यालाच बोल लावणार, हे खरंच होतं. मी टँकरवाल्याला पुन्हा फोन लावला.

पाणी काढलं, मग वाळण्याची वाट. वाळलं, मग पांढरा रंग, ऊन परतवणारा. पहिला हात मारला त्याच दुपारी वावटळ उठली आणि शेजारच्या निंबाची निम्मी पानं ओल्या रंगावर येऊन चिकटली. ती खरवडायची, पुन्हा घासायचं, पुन्हा हात मारायचा. मी हसायचं की रडायचं ते सुचेना, म्हणून स्टँडवर जाऊन एका निरपराध प्रवाशावर खेकसलो.

या सगळ्या दिवसांत मी सारखा वर बघत होतो. खाली काय चाललंय तिकडे माझं लक्ष नव्हतं. माय आधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची. मग पायरी तापते म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागली. मग खाटेवरच. बिबडे यंदा शेजारणीनं आपल्या गच्चीवर घातले आणि आयते आणून दिले. कावळे हाकलायचे नव्हते, अंथरूण न्यायचं नव्हतं, चढायचं असं काही उरलंच नव्हतं. ती न्हाणीपर्यंत जाताना दाराची चौकट धरते, हे बायकोनं मला दोनदा सांगितलं होतं. उन्हाचा थकवा असेल म्हणून मी तो विषय उडवून लावला.

शेवटी काम संपलं. मृगाला अजून थोडे दिवस होते. गच्ची अशी पांढरी झाली होती की बघताना डोळे बारीक करावे लागायचे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, गादी वर नेली, नवी चादर घातली, कठड्यापाशी पाण्याचा माठ ठेवला. संध्याकाळी खाली येऊन लग्नघरातल्या वरबापासारखा म्हणालो, चल माय, तुझं धाबं तयार आहे.

ती लगेच उठली. भिंतीला हात लावला, पदर खोचला आणि चढायला लागली. जिन्याच्या वळणापर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं, दम खातेय. मग मला तिचे गुडघे थरथरताना दिसले, लुगड्याच्या घोळातूनही दिसले. तिनं पुढची पायरी बघितली, पाय उचलला, आणि तो पायरीच्या उंचीपर्यंत गेलाच नाही.

"उचलून नेतो," मी म्हणालो.

"मी काय चाराना भारा शे का?" ती कडाडली. मग हळू आवाजात, "आज ऱ्हाऊ दे."

आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासलं. म्हणाले, या वयात रोजची चढउतार होती म्हणून पाय चालत होते, एकदा खंड पडला की परत येणं अवघड. रोज थोडं चालवा, तेल लावा, बघू. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी आकडा सांगितला नाही. ज्या गच्चीसाठी जिवाचा आटापिटा केला, ती झाली, आणि ती जिच्यासाठी होती ती खालीच राहिली.

दोन दिवसांनी संध्याकाळी तिनं मला वर पिटाळलं. "तू जाय. वारा शे का देख."

मी गेलो. वारा होता. पश्चिमेकडून सुरेख, अंगावरचा घाम सुकवणारा, पावसाचा वास आणणारा वारा होता. नव्या चादरीचं टोक आणि दोरीवर वाळत घातलेलं मायचं लुगडं फडफडत होतं. मी कठड्याला धरून जिन्यात वाकलो आणि ओरडलो, नाही ग माय, पानसुद्धा हलत नाही, वर नुसता उकाडा आहे.

"खोटं नको बोलू," खालून आवाज आला. "दोरीवरनं लुगडं हाली ऱ्हायनं. माले आठून दिखस."

मी खाली आलो. ती पहिल्या पायरीवर बसली होती, शेजारी तेलाची वाटी. एक गुडघा चोळत होती आणि मान वर करून जिन्यातून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे, त्यात हलणाऱ्या लुगड्याकडे बघत होती. माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला, जो मी दोन महिने मिस्त्रीला विचारत होतो आणि ती मला. "कव्हय येशी मग वर?"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"चार दिननी गोट शे, भाऊ," ती म्हणाली.

मी तिच्या खालच्या बाजूला फरशीवर बसलो, वाटी जवळ ओढली आणि तिच्या दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं.